एक्केचाळीस नंबरची टेप

रोस्दीच्या दुकानात एकच गोष्ट अजून ठणठणीत होती, आणि ती म्हणजे छतातून येणारा गार वारा. कोता भारू शहरातल्या त्या कॉम्प्युटर संकुलाचे सरकते जिने दोन वर्षांपासून जागच्या जागी उभे होते. तिसऱ्या मजल्यावरच्या चौदा गाळ्यांपैकी नऊंना कुलपं लागली होती. एसी मात्र इमानेइतबारे चालू. बाहेर डांबर पाघळायचं आणि रोस्दी आत स्वेटर घालून नाक पुसत बसायचा. हा गारवा जरा लक्षात असू द्या, कारण पुढे त्यानेच घात केला.

वान रोस्दी त्रेचाळीस वर्षांचा होता आणि दमलेला होता. कशाने दमला म्हणून विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. कामाने म्हणावं, तर दिवसाकाठी दोन गिऱ्हाइकं यायची आणि त्यातलं एक पत्ता विचारायला. बायको सुहैला म्हणायची, तुम्पातला माझा भाऊ मोटारींच्या सीटची कव्हरं विकतो, त्याच्याकडे जाऊन बसा, निदान माणसं तरी दिसतील. रोस्दी म्हणायचा, बघू. त्या वर्षी तो दर गोष्टीला बघू म्हणायचा.

एके काळी याच गाळ्यासमोर पोरांची रांग लागायची. खेळ अडखळतो, चित्र तुटतं आणि नवा घ्यायची ऐपत नाही, अशी पोरं. जुना लॅपटॉप पुढ्यात ठेवून म्हणायची, "अबांग, दादा, याला जरा पळवा की." आणि रोस्दी पळवायचा. वरवरची मलमपट्टी नाही, सरळ पोटात हात घालून. लॅपटॉपच्या बोर्डावर एक घड्याळ असतं. ते ठोके देतं आणि त्या ठोक्यांवर प्रोसेसर काम करतो. किती वेगाने ठोके द्यायचे, हे बोर्ड प्रोसेसरच्याच दोन-तीन पिनांना विचारून ठरवतं. रोस्दी जुन्या इअरफोनची वायर सोलून केसाएवढी एक तांब्याची तार काढायचा, चिमट्याने वाकवून सॉकेटच्या दोन भोकांत सोडायचा आणि वर प्रोसेसर बसवून द्यायचा. झालं. त्यातली एक पिन तेव्हापासून बोर्डाशी खोटं बोलायची. बोर्डाला वाटायचं, हा मोठ्या ताकदीचा गडी दिसतोय, आणि ठोके वाढायचे. दोन गिगाहर्ट्झचं यंत्र दोन पूर्णांक चारने धावायला लागायचं. तापायचं, पण पोरांना त्याचं काय. पोरं खूश, रोस्दी खूश.

हे कसब त्याला कुणी शिकवलं नव्हतं, पण त्याआधीचं सगळं शिकवलं होतं चेगू देरामान यांनी. चेगू म्हणजे गुरुजी. कुआला क्राईच्या वरच्या अंगाला, नदीकाठच्या त्याच्या गावात ते शाळेत हस्तव्यवसायाचा तास घेत. सोल्डरिंगची कांडी कशी धरायची, शिसं आपण होऊन वितळेपर्यंत कसं थांबायचं, उघडलेले स्क्रू बशीत ओळीने कसे मांडायचे, हे सगळं त्यांचं. दोन हजार आठ साली ते निवृत्त झाले तेव्हा जुन्या विद्यार्थ्यांनी मिळून त्यांना लॅपटॉप भेट दिला. तो निवडून आणला होता रोस्दीनेच.

चेगूंना एक नाद होता. नव्याण्णव साली त्यांनी व्हिडिओ कॅमेरा घेतला, आणि तेव्हापासून गावातलं एकही लग्न त्यांनी सोडलं नाही. पैसे घेत नसत. जेवत, आणि चित्रण करत. काडेपेटीपेक्षा थोड्याशाच मोठ्या अशा शहाण्णव टेपा जमल्या, प्रत्येकीवर नंबर, आणि सगळ्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, माळ्यावर. मग दोन हजार चौदाचा पूर आला. नदी घरात आली, तिथून माळ्यावर गेली. डबा दोन दिवस पाण्यात होता.

पाणी उतरल्यावर लोकांनी अल्बममधले फोटो कुंपणांवर वाळत घातले. चिखल पुसायला जावं तर चिखलाबरोबर चेहरेही निघून यायचे. अख्ख्या गावात कुणाकडे मेलेल्या माणसाचा धड फोटो राहिला नाही. तेव्हा चेगूंनी डबा उघडला, टेपा एक एक करून सावलीत सुकवल्या आणि पाहिलं, तर त्या चालत होत्या. फक्त एकदा. बुरशीने टेपेवरचा थर सैल झालेला; कॅमेऱ्यात फिरता फिरता तो खरवडून निघायचा, आणि दुसऱ्यांदा लावली की निळा पडदा. म्हणजे जे काही उतरवून घ्यायचं ते त्या पहिल्याच फेरीत. आणि कॅमेऱ्याची वायर जिथे लागते ती खाच नव्या लॅपटॉपांना नसते. ती होती चेगूंच्या जुन्या लॅपटॉपला; पूर आला तेव्हा तो आणि कॅमेरा तेवढे ते घेऊन निघाले होते. म्हणून गावच्या साऱ्या मेलेल्यांचा जीव त्या एका खटाऱ्यावर येऊन ठेपला होता.

एक्केचाळीस नंबरची टेप रोस्दीच्या लग्नाची होती. दोन हजार एक साल. त्यात त्याची आई होती, झैनाब. ती जाऊन अकरा वर्षं झाली होती. रोस्दीकडे तिचा एकच फोटो उरला होता, ओळखपत्रावरचा, आणि त्यात ती पोलिसांनी धरून आणल्यासारखी दिसत होती. फोटोचंही एक वेळ जाऊ द्या. हल्ली त्याला तिचा आवाज आठवेनासा झाला होता. आठवायला जावं तर मावशीचा आवाज यायचा. हे त्याने सुहैलालाही सांगितलं नव्हतं. त्याला ती टेप हवी होती, बस. त्या वर्षी त्याला दुसरं काहीही नको होतं.

चेगूंची पद्धत शिस्तीची होती. टेपांची यादी गावच्या नमाजघरातल्या फळ्यावर लावलेली, नंबरवारी. टेप उतरली की समोर हिरवी खूण. कुणाची आधी नाही, कुणाची नंतर नाही, म्हणजे रुसवाफुगवी नको. आधी तासभर टेप चालवून सगळं कच्चं लॅपटॉपमध्ये घ्यायचं. मग तेच बारीक करून साठवायचं, त्याला सात तास. तोवर दुसरी टेप घ्यायला जागाच नसायची. त्यात मध्ये वीज जायची, चेगूंचे डोळे दुखायचे. आठवड्याला दोन टेपा झाल्या तर खूप. आणि इकडे डब्यातली बुरशी काही यादी वाचत नव्हती. दर पंधरवड्याला एखादी टेप पांढरीफटक निघायची आणि तिच्यापुढे लाल खूण पडायची.

तेवीस झाल्या तेव्हा रोस्दी गावी गेला. म्हणायचं होतं एवढंच की, चेगू, माझी आधी घ्या. किलोभर संत्री घेऊन गेला, दोन तास बसला, पुराचं बोलला, रबराच्या भावाचं बोलला, चेगूंच्या गुडघ्याचं बोलला. चेगूंची बायको केल्सोम, जिला सगळे माकचिक म्हणजे काकू म्हणत, ताट घेऊन आली. "जेवलास का रे?" तो म्हणाला, "हो, आत्ताच." पोटात कावळे कोकलत होते. मग रिवाजाप्रमाणे त्याने ताटाच्या कडेला एक बोट लावलं, म्हणजे अन्नाचा अपमान नको, आणि हात मागे घेतला. पण मुद्द्याचं वाक्य काही तोंडातून बाहेर पडेना. सगळं गाव नंबर लावून बसलंय आणि आपण गुरुजींना वशिला लावायचा? त्या मुलखात याला सेगान म्हणतात. आपल्याकडे भीड म्हणतात, आणि भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही उगाच नाही.

निघता निघता तो म्हणाला, "चेगू, लॅपटॉप फार हळू झालाय. मी घेऊन जाऊ? पळवून आणतो."

चेगूंनी लॅपटॉप जरा स्वतःकडे ओढला. म्हणाले, कशाला त्रास, चालतोय की. रोस्दी म्हणाला, त्रास कसला. चेगूंना तो द्यायचा नव्हता, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण विद्यार्थ्याने आपण होऊन हात पुढे केल्यावर नाही कसं म्हणायचं? तेही त्याच मातीतले. त्यांनी लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून दिला.

दुकानात आल्यावर रोस्दीने भिंग डोळ्याला लावलं. पूर्वी एका फटक्यात जाणारी तार आता तीनदा हातून निसटली. एकदा तर शिंकेने उडाली. चौथ्यांदा गेली. त्याने प्रोसेसर बसवला, नवी पेस्ट लावली, वर तांब्याचा पातळ पत्रा ठेवला, बटण दाबलं. पडद्यावर दोन पूर्णांक चार आलं आणि त्याच्या अंगातून काहीतरी वाहून गेल्यासारखं झालं. खरं सांगायचं तर त्या वर्षभरात तेवढा एकच तास तो दमलेला नव्हता.

आणि इथेच त्याने एक शहाणपणा केला. यंत्र आता इतकं चपळ झालं होतं की टेप चालू असतानाच, थोडं ढोबळ का होईना, ते सगळं बारीक करून साठवू शकत होतं. आधीच्या वेगाला हे जमत नव्हतं, दर चौथं चित्र गळायचं. आता आठ तासांचं काम एका तासात. म्हाताऱ्यांचा गोंधळ नको म्हणून त्याने जुनी दुहेरी पद्धत काढूनच टाकली आणि पडद्यावर एक मोठं हिरवं बटण ठेवलं. हे दाबा की झालं. मग आठ तास सलग यंत्र राबवून पाहिलं. एकदाही अडलं नाही. अडेल कसं? दुकानात माणूस स्वेटर घालून बसत होता.

शुक्रवारी तो लॅपटॉप पोचवून आला. पुढच्या आठवड्यात त्याने फोन केला, "छान चाललंय ना, चेगू?" चेगू म्हणाले, "अल्हमदुलिल्ला, उडतोय नुसता." आणखी दहा दिवसांनी केला, तेच उत्तर. तिसऱ्यांदा केला तेव्हा चेगूंनी आधी सुहैलाची खुशाली विचारली, पोरांच्या परीक्षांचं विचारलं, मग म्हणाले, "तुझा नंबर येईल हं आता." रोस्दीने मनाशी हिशेब केला. या वेगाने आठवड्याला पाच-सहा, म्हणजे एक्केचाळीस व्हायला हवी होती. पण परत विचारायचं कसं? म्हाताऱ्याला वाटेल, मेहनतीचा मोबदला मागतोय. तो थांबला. आणखी एक महिना गेला.

शेवटी एका शनिवारी तो न सांगता निघाला. दुपारच्या नमाजाला गावात पोचला, नमाज झाला, आणि बाहेर पडताना नजर फळ्यावर गेली. चाळीसला हिरवी खूण. बेचाळीसला हिरवी. त्रेपन्नपर्यंत सगळ्यांसमोर काही ना काही, हिरवं नाही तर लाल. एकोणतीस, छत्तीस आणि एक्केचाळीस, या तिघींपुढे मात्र नुसती कोरी जागा. रोस्दीने दोनदा बोट फिरवून पाहिलं. मग चपला घालून चेगूंच्या घराकडे चालू लागला.

पुरानंतर घरावर पत्रे टाकले होते. खाली भट्टी लावल्यासारखं घर तापलेलं. चेगू मागे परसात होते. माजघरात लॅपटॉप होता, पण त्याची अवस्था बघवत नव्हती. तो दोन विटांवर ठेवलेला. विटांच्या मधल्या जागेत ताटली, ताटलीत पिशव्यांमध्ये बर्फ. उशाला टेबलफॅन, पायथ्याला दुसरा. वर चार घड्यांचं ओलं फडकं, चेगूंनी जपून एका कडेला बसवलेलं, कळफलकावर थेंब पडू नये म्हणून. रोस्दी उभ्याउभ्या ते बघत राहिला. त्याला काही विचारायची गरजच उरली नव्हती.

माकचिक केल्सोम आतून आली. "आलास? जेवलास का?"

"हो, आत्ताच," तो म्हणाला. "माकचिक, हे काय?"

तिने मागे परसाकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "हे म्हणजे तुझा वेग. तापलेल्या पोरासारखं उशाशी बसावं लागतं त्याच्या. पोरांना विकायला मी बर्फाच्या कांड्या करते, त्या सगळ्या याच्या बुडाखाली. दुपारी तर हात लावायची सोय नाही. तरी तीनदा मेलं, टेप चालू असताना मधेच."

"मग मला सांगितलं का नाही?"

"कोण सांगणार? मला तंबी दिली होती. म्हणे, पोराने एवढ्या जिवाने करून दिलं, त्याला वाईट वाटेल. पहिल्या वेळी म्हणाले माझंच काहीतरी चुकलं. दुसऱ्या वेळी म्हणाले ऊन फार होतं."

"आणि तिसऱ्या वेळी?"

केल्सोमने पाणी ओतायला ताटली उचलली. तेवढ्यात चेगू मागच्या पायऱ्या चढून आले, हातात कोयता, गुडघ्यावर हात. रोस्दीला बघून त्यांचा चेहरा असा पडला की रोस्दीलाच लाज वाटली. शाळेत पोरांचे चेहरे असे पडायचे, यांच्यापुढे.

"अकरा मिनिटं आलीत," चेगू म्हणाले. सलाम नाही, बस नाही, थेट तेच.

ती अकरा मिनिटं त्यांनी दाखवली. मांडव. कुणाचे तरी पाय. एक कोंबडी, बराच वेळ. डफ वाजवणारी पोरं. मग रोस्दी स्वतः, हडकुळा, पातळ मिशी ठेवलेला, डोक्यावर जरीची टोपी, कुणाला तरी हाक मारायला तोंड उघडलेलं. तिथेच चित्र थिजलं. पुढे काही नाही. आई वधूवरांवर गुलाबपाणी शिंपडायला आली होती, ती चाळिसाव्या मिनिटाच्या आसपास. रोस्दीला पक्कं आठवत होतं, कारण तिने नेमकं त्याच्या डोळ्यात शिंपडलं होतं.

"परत लावून पाहिलीत?"

"चारदा. निळं."

चेगू सांगत राहिले. त्या दिवशी त्यांनी विशेष तयारी केली होती. सकाळी सहालाच बसले, ऊन चढायच्या आत. दुप्पट बर्फ. दोन पंखे शेजाऱ्याकडून. तुझी टेप म्हणून, ते म्हणाले. मग विजेचा दाब उतरला, पंखे मंदावले, आणि अकराव्या मिनिटाला ते थांबलं, पण कॅमेरा फिरतच राहिला; यंत्र परत सुरू करायच्या धावपळीत टेप शेवटापर्यंत खरवडून निघाली. यादीत लाल खूण करायला हात धजेना.

रोस्दीला राग आला. आधी चेगूंचा आला, मग त्या रागाला कुठे ठेवावं ते कळेना, कारण तार कुणी घातली होती? जुनी पद्धत कुणी पुसून टाकली होती? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तरी तो बोललाच, "तुम्ही फोनवर म्हणालात, उडतोय नुसता."

"तू विचारलंस कसं? छान चाललंय ना, असं. त्याला नाही कसं म्हणू मी?"

रोस्दी जमिनीवर बसला. त्याला इतका थकवा आला होता की खोटं बोलायचंही त्राण उरलं नव्हतं. म्हणून जे तीन महिने निघालं नव्हतं ते आता निघालं.

"मला माझी टेप आधी हवी होती, चेगू. मोकचा आवाज आठवत नाही मला, माझ्या आईचा. आधी घ्या म्हणायला जीभ रेटेना, म्हणून हा सगळा खटाटोप केला."

चेगू गुडघा धरून त्याच्याशेजारी टेकले. "एवढंच होतं?" ते म्हणाले. "मागितली असतीस तर दुसऱ्या दिवशी हातात ठेवली असती. यादी मीच लिहिली होती ना, आभाळातून का पडली होती?"

रोस्दीने डोळे पुसले, लपवायचा प्रयत्न न करता. माकचिक आत निघून गेली आणि उगाच भांडी वाजवायला लागली.

थोड्या वेळाने त्याने स्क्रूड्रायव्हर मागितला. लॅपटॉप उलटा करून तिथेच जमिनीवर उघडला. चेगूंनी न सांगता बशी आणून ठेवली आणि टॉर्च धरला. तीस वर्षांपूर्वी चेगूंचा हात बेंचवर असायचा आणि उजेड धरायला विद्यार्थी, आता उलटं. "ओळीने ठेव," चेगू म्हणाले. रोस्दीने स्क्रू ओळीने ठेवले. प्रोसेसर उचलला, चिमट्याने तार काढली. उजेडात ती बोटावर क्षणभर चमकली. त्याने फुंकर मारली, आणि ती कुठे गेली ते दिसलंही नाही. मग त्याने सगळं परत बंद केलं, हिरवं बटण काढलं आणि जुनी पद्धत जशी होती तशी लावून दिली. आधी तासभर कच्चं घ्यायचं. मग सात तास. यंत्र पुन्हा खटारा झालं आणि गार पडलं.

तो उठायला लागला तेव्हा चेगू म्हणाले, "किती टेपा राहिल्यात माहितीये?"

"त्रेचाळीस."

"आणि तुझी आई किती लग्नांना नव्हती, सांग बघू."

रोस्दीला पहिल्यांदा कळलं नाही. मग कळलं. गावात कुणाचंही लग्न असो, आदल्या दिवसापासून मांडवामागे चुली पेटायच्या आणि आळीतल्या साऱ्या बाया कामाला लागायच्या. कांदे, नारळ, केळीच्या खांबाची आमटी. आमंत्रणाची वाट कोण बघतो. झैनाब तर सगळ्यात आधी, स्वतःची सुरी घेऊन.

"मी कॅमेरा त्या बाजूला फारसा नेत नसे," चेगू म्हणाले. "बाया सालं फेकून मारायच्या. पण कधीमधी गेलो असेन. उतरवलेल्यांत ती दिसली नाही; उरलेल्यांपैकी कोणत्या टेपेत, ते मात्र नाही सांगता येत."

तेव्हापासून रोस्दी दर शनिवारी गावी जायला लागला. दीड तास जायला, दीड तास यायला. सुहैला पहिल्यांदा चिडली, मग तिने डबा द्यायला सुरुवात केली, मग एकदा स्वतः आली आणि दुसऱ्यांची लग्नं बघून कंटाळून परत गेली. कंटाळा होताच. लोकांची लग्नं तासभर, जशीच्या तशी, पुढे पळवता येत नाही. चेगूंना कोंबड्यांचं फार वेड होतं असं दिसत होतं. नवरदेव सगळे सारखे घामेजलेले. दोघं भिंतीला टेकून बसत, चेगू मध्येच सांगत हा गेला, ही गेली, हा सिंगापूरला असतो आणि फोन उचलत नाही. दर वेळी कॅमेरा मांडवामागे वळला की रोस्दी ताठ व्हायचा. धूर. मोठी कढई. पाठमोऱ्या बाया. मग कॅमेरा परत कोंबडीवर. पाच शनिवार गेले, सहावाही गेला. डब्यातल्या आणखी चार टेपा पांढऱ्या झाल्या. रोस्दी परतताना मोटारीत रेडिओ लावत नसे.

सातव्या शनिवारी एकाहत्तर नंबर लागला. दोन हजार तीन सालचं लग्न, त्या जोडप्याचा पुढे वर्षभरात काडीमोड झाला होता आणि टेप नको म्हणून दोन्हीकडून निरोप आलेला. ठेवू का तशीच, असं चेगूंनी विचारलं होतं. रोस्दी म्हणाला, लावा.

चौतिसाव्या मिनिटाला कॅमेरा मांडवामागे गेला. धूर होता. कढईपलीकडे कुणीतरी उकिडवं बसून केळीचा खांब चिरत होतं, डोक्यावरचं फडकं मागे सरकलेलं. रोस्दीने ते मनगट ओळखलं. चेगूंचा हात त्याच्या गुडघ्यावर आला आणि तसाच राहिला. बाईने मान वर केली, डोळे बारीक केले आणि सुरी कॅमेऱ्यावर रोखली.

"चेगू, ते मशीन ठेवा आधी खाली. सकाळपासून बघतेय, सगळ्यांना विचारत फिरताय, जेवलात का, जेवलात का. तुम्ही जेवलात? खरं सांगा."

कॅमेऱ्यामागून चेगूंचा तेव्हाचा आवाज म्हणाला, "हो, आत्ताच."

"खोटं," ती म्हणाली, आणि हसली. शेजारच्या बाया हसल्या. केळीचं एक साल उडत आलं, चित्र हललं आणि पुढच्या क्षणी पडदाभर कोंबडी.

सगळं मिळून पंधरा सेकंद. जरा घोगरा आवाज, शेवटचा शब्द वर चढवायचा. मावशीचा अजिबात नाही. रोस्दीला कसं विसरता आलं होतं कोण जाणे. टेप थांबवायची नव्हती. उरलेलं लग्न दोघांनी शेवटपर्यंत पाहिलं. मग चेगूंनी बटण दाबलं आणि यंत्राने पडद्यावर लिहिलं, सात तास.

माकचिक केल्सोम फडक्याला हात पुसत दारात आली. तिने आतून ऐकलं होतं, डोळे लाल होते. "जेवलास का रे?" तिने विचारलं.

रोस्दीचं तोंड सवयीने उघडलं आणि मिटलं.

"नाही, माकचिक," तो म्हणाला. "सकाळपासून काही खाल्लं नाही. वाढा मला."